लिनक्स मिंट टाकण्याआधी तुमची मराठी फाइल उघडून बघा

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. घरगुती वापरासाठी वर्षभराची मुदतवाढ आहे, तीही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतच. विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा नंतरचा असावा लागतो. म्हणजे २०१५-१६ साली घेतलेला, अजून ठणठणीत चालणारा, फक्त बॅटरी मेलेला लॅपटॉप कागदोपत्री बाद. अशा यंत्रावर लिनक्स मिंट (विंडोजच्या जागी चालणारी मुक्त संगणकप्रणाली) घालणं अर्ध्या-पाऊण तासाचं काम आहे, आणि ते कसं करायचं हे सांगणारे व्हिडिओ शेकड्यानं पडले आहेत.

तरीही बरेच जण महिन्याभरात विंडोजवर परततात, आणि बहुतेक वेळा कारण इन्स्टॉलेशनचं नसतं. जुनी मराठी फाइल उघडली तर भलतीच रोमन अक्षरं दिसतात. ‘दुसऱ्या’ टाइप करता येत नाही. प्रिंटर कागद खात नाही. या तीन गोष्टी जिथे जमल्या तिथे लिनक्स टिकतं. आणि या तिन्ही डिस्कला हात न लावता आधीच तपासता येतात. म्हणून हा लेख उलट्या क्रमानं लिहिला आहे: आधी तपासणी, मग इन्स्टॉलेशन.

जाता जाता एक. मराठीत ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ हे दोन वेगळे शब्द आहेत ही आपली मोठी सोय. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमननं ग्नू या मुक्त प्रणालीची घोषणा केली तेव्हापासून, दोन्हींना ‘फ्री’ हा एकच शब्द असलेल्या इंग्रजीत हा फरक समजावून सांगण्यात लोकांची हयात गेली. मिंट फुकट आहे ही दुय्यम गोष्ट. ते मुक्त आहे, म्हणून दहा वर्षांपूर्वीचं यंत्र कुणा कंपनीच्या लेखी बाद झालं तरी ते चालवणारे लोक असतात.

कोणतं घ्यायचं, यावर फार वेळ घालवू नका

रॅम ४ जीबी असेल तर मिंटची एक्सएफसीई आवृत्ती, ८ जीबी असेल तर सिनॅमन. मिंटच्या सांगण्याप्रमाणे किमान २ जीबी रॅम आणि २० जीबी जागा पुरते, पण २ जीबीत ब्राउझरच्या चार टॅब उघडल्या की यंत्र गुडघे टेकतं. तो दोष लिनक्सचा नाही, आजच्या वेबसाइटच तेवढ्या जड आहेत. सध्याची २२ ही मालिका उबंटू २४.०४ वर उभी आहे आणि तिला एप्रिल २०२९ पर्यंत सुधारणा मिळणार आहेत. सी-डॅकच्या चेन्नई केंद्रानं केलेली ‘बॉस’ ही भारतीय लिनक्सही आहे, पण अडचण आली की उत्तर शोधायला मिंट-उबंटूचा गोतावळा कितीतरी मोठा आहे, आणि नवशिक्याला तोच उपयोगी पडतो.

जुन्या यंत्रात फिरती हार्ड डिस्क असेल तर पहिला खर्च एसएसडीचा करा. रॅम दुप्पट करून जेवढा फरक पडत नाही तेवढा एसएसडीनं पडतो. जुनी डिस्क काढून बाजूला ठेवली की विंडोजही जसंच्या तसं जिवंत राहतं, ही वरकमाई.

मिंट ज्या एका फाइलीत उतरवून घ्यायचं ती आयएसओ फाइल जवळपास ३ जीबीची असते. उतरवताना नेट तुटलं तर फाइल अर्धवट राहते, आणि मग इन्स्टॉलेशन ७०-८० टक्क्यांवर अगम्य चूक दाखवून थांबतं. लोक डिस्कला दोष देतात. विंडोजवर सेव्हन-झिप असेल तर फाइलवर राइट-क्लिक करून एसएचए-२५६ हा फाइलीचा ओळख-आकडा काढता येतो. मिंटच्या पानावर दिलेल्या आकड्याशी तो ताडून बघा. पूर्ण चौसष्ट अक्षरं वाचायची गरज नाही, पहिली आठ आणि शेवटची आठ जुळली तरी फाइल अर्धवट नाही एवढी खात्री पटते.

८ जीबीचा पेन ड्राइव्ह घ्या, त्यातलं सगळं पुसलं जाणार आहे हे गृहीत धरा. रुफस किंवा बलेना एचर या सॉफ्टवेअरनं आयएसओ त्यावर लिहा. रुफस मध्येच विचारतो, आयएसओ पद्धतीनं लिहू की डीडी पद्धतीनं. पहिली पद्धत चालते. पेन ड्राइव्हवरून यंत्र सुरूच झालं नाही तर दुसरी वापरा. डीडीनंतर विंडोजला तो पेन ड्राइव्ह विचित्र, छोटासा दिसतो. तो बिघडलेला नसतो. नंतर रुफसमधूनच फॉरमॅट केला की पूर्ण जागा परत मिळते.

लाइव्ह सत्र म्हणजे साखरपुडा

यंत्र सुरू करताना बूट मेनूची कळ दाबायची: डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एस्केप किंवा एफ ९, एसरवरही एफ १२ पण ती आधी बायोसमध्ये (यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये) चालू करावी लागते. मिंट पेन ड्राइव्हवरून उघडतं आणि रॅममध्ये चालतं, डिस्कवर काहीही लिहीत नाही. हेच लाइव्ह सत्र. बहुतेक जण इथे वायफाय लागलं की खूश होऊन ‘इन्स्टॉल’वर क्लिक करतात. तसं करू नका. निदान तासभर इथेच घालवा.

झाकण मिटून यंत्र झोपतंय का आणि उठतंय का, हे बघा. उजेड कमीजास्त करायच्या कळा, कॅमेरा, हेडफोनचा आवाज, प्रोजेक्टर लागत असेल तर एचडीएमआय. वायफाय दिसलंच नाही तर घाबरू नका. ब्रॉडकॉमच्या चिप असलेल्या जुन्या यंत्रांत हे हमखास होतं, कारण त्यांचा ड्रायव्हर मुक्त नसल्यामुळे वेगळा घ्यावा लागतो. फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, नेट लगेच मिळतं. मग ‘ड्रायव्हर मॅनेजर’ उघडला की तो काय हवं ते सांगतो.

आणि आता मुख्य परीक्षा. दुसऱ्या एका पेन ड्राइव्हवर तुमच्या रोजच्या दहा फाइल आधीच घेऊन ठेवा: मराठी पत्र, तक्ता असलेली वर्ड फाइल, मॅक्रोवाली एक्सेल, सोसायटीच्या सभेचा जुना अहवाल, एखादी निमंत्रणपत्रिका. लाइव्ह सत्रातल्या लिब्रेऑफिसमध्ये (वर्ड-एक्सेलच्या जागी असलेलं मुक्त सॉफ्टवेअर) त्या उघडा. प्रिंटर जोडा आणि एक पान छापा. जे इथे चालत नाही ते इन्स्टॉल केल्यावर आपोआप चालू लागणार नाही. एखादा ड्रायव्हर घालावा लागेल हे खरं, पण काय घालायचं हे आज कळलेलं बरं.

‘मराठी’ हा शब्द दोन फाइलींत

फाइल उघडली आणि मराठीच्या जागी रोमन अक्षरांचा काला दिसला तर ती फाइल बिघडलेली नाही. ती मुळात मराठीत नव्हतीच.

कृतिदेव या जुन्या फाँटात टाइप केलेला ‘मराठी’ हा शब्द घ्या. फाइलीच्या पोटात आहे ते असं: छोटी ई, जे, के, मोठी बी, एच. बस. ही पाच रोमन अक्षरं आहेत. कृतिदेव हा फाँट ‘ई’च्या जागी म चं चित्र काढतो, ‘जे’च्या जागी र चं, ‘के’च्या जागी काना, मोठ्या ‘बी’च्या जागी ठ आणि ‘एच’च्या जागी दुसरी वेलांटी. फाँट काढला की चित्रं गेली, खाली मूळ रोमन अक्षरं उघडी पडली. युनिकोड या सगळ्या लिप्यांच्या सामायिक पद्धतीत मात्र म, र, काना, ठ, वेलांटी यांना स्वतःचे क्रमांक आहेत. फाँट कोणताही लावा, म हा म च राहतो. पुण्यातून देशभर गेलेली श्रीलिपी आणि सी-डॅकची आयएसएम या टंकन-सॉफ्टवेअरांच्या जुन्या फाइलींचंही तेच, फक्त प्रत्येकाचा नकाशा निराळा.

नुसतं वाचायचं असेल तर तोच टीटीएफ फाँट लिनक्सवर घातला की बहुतेक वेळा भागतं. फाँट फाइलवर दोनदा क्लिक करून ‘इन्स्टॉल’ म्हणायचं, किंवा घरच्या फोल्डरात डॉट-लोकल, शेअर, फाँट्स या वाटेनं जाऊन तिथे टाकायचा. लिब्रेऑफिसच्या फाँटच्या चौकटीत नाव तिरप्या अक्षरांत दिसत असेल तर तो फाँट यंत्रावर नाही असं समजा. नाव मात्र फाइलीत टिकून असतं, त्यामुळे कोणता शोधायचा ते कळतं. डाँगल लावून चालणारं जुनं टंकन-सॉफ्टवेअर लिनक्सवर चालेल या आशेवर राहू नका.

फाइल पुढे वापरायची असेल तर युनिकोडमध्ये बदलून घ्यावी लागते. कन्व्हर्टर बरेच आहेत. चांगला आणि वाईट यांतला फरक दोन ठिकाणी कळतो. एक म्हणजे पहिली वेलांटी. ‘किती’ हा शब्द कृतिदेवमध्ये एफ, डी, आर, एच असा असतो, म्हणजे वेलांटी आधी, क नंतर, कारण टंकयंत्रावर तशीच मारायची सवय होती. युनिकोडमध्ये आधी क, मग वेलांटी. दुसरं ठिकाण रफाराचं. ‘कर्म’ म्हणजे डी, ई, झेड: क, म आणि सगळ्यात शेवटी रफार. युनिकोडमध्ये तो र म च्या आधी येतो, हलन्त होऊन. ‘कर्म’ला बहुतेक कन्व्हर्टर पास होतात. ‘वर्षा’, ‘कार्यकर्त्यांनी’, ‘पूर्तीसाठी’ असे शब्द टाकून बघा, कारण इथे रफाराला काना-मात्रा आणि जोडाक्षर ओलांडून मागे जायचं असतं. कच्चा कन्व्हर्टर इथे घसरतो.

खरी डोकेदुखी मिश्र मजकुराची. मराठी परिच्छेदात ईमेल पत्ता किंवा इंग्रजी नाव असेल तर तेही रोमनच असल्यामुळे कन्व्हर्टर त्याचंही ‘मराठी’ करून टाकतो. त्यावर उपाय लिब्रेऑफिसातच आहे. ‘फाइंड अँड रिप्लेस’ उघडा, इतर पर्यायांत रेग्युलर एक्स्प्रेशन चालू करा, शोधायच्या चौकटीत टिंब आणि अधिकचिन्ह टाका, ‘फॉरमॅट’मध्ये जाऊन फाँट म्हणून कृतिदेव निवडा आणि ‘फाइंड ऑल’ म्हणा. फक्त कृतिदेवमधला मजकूर निवडला जातो, इंग्रजी शाबूत राहतं. मग तुकडे तुकडे बदलत जायचं. कंटाळवाणं आहे, पण नंतर पत्ते दुरुस्त करत बसण्यापेक्षा परवडतं.

पेजमेकरच्या फाइली स्क्रायबस या पानं मांडायच्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडायचा प्रयत्न करता येतो. स्क्रायबसला देवनागरीची जोडाक्षरं नीट मांडता येऊ लागली ती १.५.३ पासून, तेव्हा १.६ किंवा त्यापुढचंच घ्या. मजकूर जुन्या फाँटातला असेल तर वरचा सगळा उपद्व्याप तिथेही करावा लागतो.

कळफलक

मिंटच्या सेटिंगमध्ये कीबोर्ड, तिथे लेआउट्स, तिथे अधिकचं चिन्ह. भारतीय कळफलकांच्या यादीत ‘मराठी’ नावानं इन्स्क्रिप्ट हा प्रमाण कळफलक मिळतो. यासाठी काहीही उतरवावं लागत नाही, लाइव्ह सत्रातही चालतो. पर्यायांमध्ये जाऊन इंग्रजी-मराठी अदलाबदलीची कळ ठरवा. कॅप्स लॉकला हे काम देणं सगळ्यात सोयीचं, नाहीतरी ती कळ चुकून दाबण्यापलीकडे कुणी वापरत नाही.

इन्स्क्रिप्टमध्ये डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. दोन आठवडे हात अडखळतात, मग वेग येतो. ज्यांना फोनेटिक (रोमन कळांनी उच्चाराप्रमाणे मराठी) हवं त्यांनी ‘इनपुट मेथड’ या साधनातून आयबस ही टंकनाची सोय घालावी आणि तिच्यासाठी एम१७एन ची कळफलकांची पॅकेजं घ्यावीत. त्यात मराठीसाठी आयट्रान्स आहे, मिंग्लिश आहे, रेमिंग्टन आहे, आणि आपल्या ओळखीचं गमभनही आहे. टंकयंत्रावर घडलेल्या हातांना रेमिंग्टन लगेच जवळचं वाटतं. आयबस घातल्यावर एकदा लॉगआउट करून परत यावं लागतं. ते न केल्यामुळे ‘चालत नाही’ म्हणणारे बरेच असतात. दुसरी खबरदारी अशी, की कीबोर्डच्या लेआउटमध्येही मराठी आणि आयबसमध्येही मराठी असं दोन्हीकडे ठेवू नका. दोघं एकमेकांवर चढतात आणि भलतीच अक्षरं उमटतात.

आता ‘दुसऱ्या’. र, हलन्त आणि य सरळ टाइप केलं तर ‘दुसर्या’ होतं, रफार डोक्यावर जातो. पाऊण चंद्रासारखा तो अर्धा र हवा असेल तर नुक्तेवाला ऱ घ्यायचा: इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग स्लॅश. दुसरा मार्ग म्हणजे साधा र, हलन्त, एक न दिसणारं जोडचिन्ह आणि य. छापल्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, पण संगणकाच्या लेखी ते वेगळे शब्द आहेत. फाइलीत ‘दुसऱ्या’ शोधलं आणि डोळ्यासमोर असूनही सापडलं नाही तर बहुधा हेच झालेलं असतं. तीच गत ‘ॲ’ची. युनिकोडमध्ये हे अक्षर स्वतंत्रपणे आलं ते २००८ च्या ५.१ या आवृत्तीत. त्याआधी, आणि सवयीनं नंतरही, लोक अ वर चंद्र देऊन ‘अॅ’ करत आले. अनेकांनी मिळून केलेली फाइल असेल तर छापण्याआधी ‘फाइंड अँड रिप्लेस’नं या दोन्ही जोड्या एकसारख्या करून घ्या. शेकडो नावांची यादी अकारविल्हे लावायची असेल तर हे केल्यावाचून गत्यंतर नाही.

लिब्रेऑफिसला मराठी आहे हे सांगा

लिब्रेऑफिस २०१० साली ओपनऑफिसमधून वेगळं झालं आणि मिंटमध्ये ते आयतं असतं. पण ते मूळचं समजतं की तुम्ही फक्त इंग्रजी लिहिणार. ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’, ‘लँग्वेजेस अँड लोकेल्स’, ‘जनरल’ इथे जाऊन ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ चालू करा आणि पुढे भाषा मराठी निवडा. हिंदी राहिली तर मराठी शब्दांखाली लाल नागमोडी रेघा येतात. शिवाय ज्या फाँटांत मराठी वळणाचे ल आणि श वेगळे दिलेले असतात त्यांत भाषा मराठी निवडल्यावरच ते उमटतात, नाहीतर हिंदी वळण दिसतं.

त्यानंतर एक गोष्ट ध्यानात ठेवा: लिब्रेऑफिसमध्ये प्रत्येक मजकुराला दोन फाँट आणि दोन आकार असतात, एक रोमनसाठी, एक देवनागरीसाठी. ‘सगळं निवडून १४ केलं तरी मराठी लहानच’ किंवा ‘मराठीत आकडा टाकला की तो वेगळ्याच फाँटात येतो’ या तक्रारींचं मूळ इथे आहे. वरच्या पट्टीतून आकार बदलत बसण्याऐवजी एफ ११ दाबा, डीफॉल्ट परिच्छेद-शैलीवर राइट-क्लिक करून ती संपादित करा आणि फाँटच्या पानावर दोन्ही बाजू एकदाच ठरवून टाका. रोमन ११ असेल तर देवनागरी १३ च्या आसपास डोळ्यांना बरोबरीची वाटते, फाँटाप्रमाणे अर्ध्या पॉइंटनं इकडेतिकडे.

वर्डच्या फाइलींची पानं इकडे आल्यावर सरकतात, त्याचंही कारण फाँटच. कॅलिब्रीच्या जागी कार्लिटो आणि टाइम्सच्या जागी लिबरेशन सेरिफ हे अक्षरांच्या रुंदीला रुंदी जुळवून केलेले फाँट आहेत, म्हणून इंग्रजी पत्र सहसा हलत नाही. मंगल, निर्मला, कोकिळा या विंडोजच्या देवनागरी फाँटांना असे जुळे नाहीत. त्यामुळे मराठी ओळ वेगळ्या ठिकाणी तुटते आणि दोन पानांचं पत्र अडीच पानांवर जातं. पाठवायची फाइल फक्त वाचण्यासाठी असेल तर पीडीएफ करा, फाँट तिच्यातच बसतो. समोरच्यानं ती दुरुस्त करायची असेल तर दोन्ही यंत्रांवर एकच मुक्त फाँट ठेवा. मुंबईच्या एक टाइपचा मुक्त, गूगलचा नोटो, आयआयटी मुंबईचा शोभिका, सगळे मुक्त परवान्याचे आहेत आणि विंडोजवरही चालतात. ग्रंथासारख्या मजकुराला शोभिका बरा, कार्यालयीन पत्राला मुक्त.

प्रिंटर

नवा, वायफायवाला प्रिंटर असेल तर बहुधा काहीच करावं लागत नाही. ड्रायव्हरविना छापायची पद्धत आता प्रिंटरमध्येच असते, आणि मिंट तो आपणहून शोधतं. पंचाईत होते ती आपल्याकडे गल्लोगल्ली दिसणाऱ्या दोन जुन्या, दणकट लेझर प्रिंटरांची.

एचपी लेझरजेट १०२० ला स्वतःची स्मृती फारशी नाही. चालू केला की दर वेळी संगणकानं त्याला फर्मवेअर (प्रिंटरच्या आत चालणारा प्रोग्रॅम) पाजावं लागतं, मगच तो छापतो. लिनक्सवर हे काम एचपीलिप हे एचपीचं सॉफ्टवेअर करतं, पण फर्मवेअर मुक्त नसल्यामुळे ते वेगळ्या प्लगइनमधून येतं. म्हणून प्रिंटर यादीत दिसतो, काम पाठवलं जातं, आणि कागद काही हलत नाही. एचपीची साधनपेटी उघडून प्लगइन घाला. आणि मोठ्या अपडेटनंतर छपाई अचानक थांबली तर आधी हेच तपासा: एचपीलिपची आवृत्ती पुढे गेली आणि प्लगइन मागे राहिलं, की दोघांचं पटत नाही. प्लगइन पुन्हा उतरवलं की सुरळीत.

कॅनन एलबीपी २९०० ची गोष्ट अवघड आहे. तो कॅप्ट नावाच्या कॅननच्या खासगी भाषेत बोलतो. त्यासाठीचा कॅननचा जुना लिनक्स ड्रायव्हर आजच्या आवृत्त्यांवर बसवणं म्हणजे जुन्या साच्यात नवी वीट कोंबणं. मुक्त ड्रायव्हर लिहिण्याचे प्रयत्न झाले आहेत आणि काहींकडे ते चालतातही. पण रोज पन्नास पानं छापायची असतील तर त्यावर धंदा टांगू नका. एका जुन्या यंत्रावर विंडोज ठेवून तो प्रिंटर तिथेच राहू द्यावा, इकडून पीडीएफ पाठवावी, हेच शहाणपण.

फॉर्म भरण्याची हत्यारं

रोजच्या वापरात सगळ्यात जास्त डोकं खाणारी गोष्ट म्हणजे ‘फोटो ५० केबीच्या आत, सही २० केबीच्या आत’. त्यासाठी अनोळखी वेबसाइटवर स्वतःचा फोटो आणि आधार चढवण्याची काहीही गरज नाही. गिंप या फोटो-संपादकात फोटो उघडा, कापा, ‘इमेज’मधून ‘स्केल इमेज’. ३.५ बाय ४.५ सेंटिमीटरचा फोटो २०० डीपीआयला २७६ बाय ३५४ पिक्सेल होतो. मग ‘एक्स्पोर्ट ॲज’, नावाच्या शेवटी जेपीजी. पुढे उघडणाऱ्या चौकटीत ‘शो प्रिव्ह्यू’वर खूण केली की फाइल किती केबीची होईल हे तिथेच दिसतं. क्वालिटीची पट्टी सरकवत फाइल ४५ केबीच्या आसपास आणून थांबा. पट्टी खाली नेऊनही आकडा उतरत नसेल तर एक्झिफ, एक्सएमपी आणि थंबनेल यांच्या खुणा काढा. सही २० केबीत बसत नाही ती बहुतेक याच ओझ्यामुळे.

कागद स्कॅन करताना ‘डॉक्युमेंट स्कॅनर’ हे साधं साधन पुरे. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेलचं होतं. १५० ला तेच पाव होतं. पोर्टलला २ एमबीच्या आत पाच पानं हवी असतील तर १५० डीपीआय आणि रंगाऐवजी करडं, एवढ्यानं काम होतं. पानं जोडायला, फिरवायला, मधलं एखादं काढायला पीडीएफ अरेंजर. लिब्रेऑफिस ड्रॉमध्येही पीडीएफ उघडते, पण मराठी पीडीएफ तिथे उघडून पुन्हा सेव्ह करू नका. जोडाक्षरं तुटतात आणि ते सबमिट झाल्यावरच लक्षात येतं.

स्कॅन केलेल्या मराठीचा मजकूर हवा असेल तर टेसरॅक्ट. त्याचं मराठी पॅकेज वेगळं घ्यावं लागतं, आणि माऊसनं वापरायला जी-इमेज-रीडर. इथे मात्र ३०० डीपीआय हवेच. झेरॉक्सची झेरॉक्स असेल तर शिरोरेषा तुटलेली असते आणि मग म चा भ, घ चा ध होतो. हस्ताक्षराचा नाद सोडा. इंग्रजी शब्द नसतील तर फक्त मराठी निवडा. उगाच दोन्ही भाषा दिल्या की मधेच एखादी रोमन अक्षरांची ओळ टपकते.

डिस्कला हात लावताना

इथपर्यंत सगळं पटलं तर इन्स्टॉल करा. विंडोज शेजारी ठेवायचं असेल तर आधी तीन गोष्टी. विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमधल्या ‘पॉवर ऑप्शन्स’मध्ये जाऊन ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा. तो चालू असेल तर विंडोज पूर्ण बंद होतच नाही, अर्धवट झोपतं, आणि लिनक्सला ती डिस्क फक्त वाचता येते. बिटलॉकर किंवा ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ चालू असेल तर रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या आणि एन्क्रिप्शन काढा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसली नाही तर बायोसमध्ये साठवणुकीची पद्धत इंटेल आरएसटी अशी असेल. ती एएचसीआय करावी लागते, पण विंडोज आधी सेफ मोडमध्ये सुरू होईल अशी तजवीज न करता ती बदललीत तर विंडोजची निळी स्क्रीन बघायला मिळेल.

इन्स्टॉलर मल्टिमीडिया कोडेक्स विचारतो तिथे हो म्हणा. सिक्युअर बूट चालू असेल तर याच ठिकाणी एक पासवर्ड ठरवायला सांगतो. तो लक्षात ठेवा, कारण यंत्र पहिल्यांदा सुरू होताना एक निळा पडदा येतो आणि ‘एनरोल एमओके’ निवडून तोच पासवर्ड द्यावा लागतो. घाईत ‘कंटिन्यू बूट’ दाबलं तर मिंट सुरू होतं, पण एनव्हिडिया किंवा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर लागत नाही.

दोन्ही प्रणाली ठेवल्यावर कधी कधी विंडोजचं घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे पडतं. बिघाड नाही. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच भारतीय समजून वाचतं. टर्मिनलमध्ये ‘टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १’ ही एक ओळ, अर्थात रोमन अक्षरांत, दिली की दोघांचं जमतं.

पहिल्या दिवशीच टाइमशिफ्ट उघडून प्रणालीची एक प्रत काढा, मग अपडेट करा. एखादं अपडेट अंगाशी आलं तर दहा मिनिटांत मागे जाता येतं. पण टाइमशिफ्ट तुमच्या कागदपत्रांची, फोटोंची प्रत ठेवत नाही. ती बाहेरच्या डिस्कवर वेगळी घ्यावी लागते.

काही कामं मात्र लिनक्सवर येत नाहीत. टॅली विंडोजचंच आहे. कोरलड्रॉ वापरून पत्रिका करणाऱ्यानं इंकस्केप शिकावं हे म्हणणं सोपं, पण लग्नसराईत ते कुणाला सांगू नये. डिजिटल सहीच्या टोकनांपैकी काहींचे लिनक्स ड्रायव्हर मिळतात, काहींचे नाही, तेव्हा नवं घेताना विक्रेत्याला विचारून घ्या. ८ जीबी रॅम असेल तर व्हर्च्युअलबॉक्समध्ये विंडोज ठेवून टोकन त्याच्याकडे वळवता येतं. ४ जीबीत तो प्रयोग करू नका. शिकायला मराठीतून काही हवं असेल तर आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पात लिब्रेऑफिस, गिंप, लिनक्स यांचे धडे मराठी आवाजात आहेत. आवृत्त्या जुन्या वाटतील, मेनू बहुतेक तेच आहेत.

दोन-तीन महिन्यांनी विंडोज पुसायचं ठरवलंत तर त्याआधी त्यातून हे उचलून ठेवा: ब्राउझरमधले पासवर्ड, आउटलुकची पीएसटी फाइल, टॅलीचा बॅकअप आणि फाँट्स फोल्डरातले तुमचे जुने मराठी फाँट. शेवटचं हमखास राहून जातं आणि नंतर त्याच आवृत्तीचा फाँट कुठे मिळत नाही. इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्हही खणात तसाच राहू द्या, यंत्र सुरूच झालं नाही तर त्यातल्या लाइव्ह सत्रात ‘बूट रिपेअर’ हे दुरुस्तीचं साधन असतं.